राहू दे, मी करते

अपूर्वाची बॅग गाडीच्या डिकीतच राहिली होती.

जिना चढून येणाऱ्या जावयाच्या हातांकडे बघूनच सुलक्षणाने ते ओळखलं. निहारच्या एका हातात फुलांच्या दागिन्यांचा खोका, दुसऱ्या हातात मोबाईल. बॅग नाही. मागून अपूर्वा, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, कठड्याला धरून चढत होती. "सामान?" सुलक्षणाने विचारलं. अपूर्वा तिच्याकडे न बघताच म्हणाली, "खाली आहे. आधी कार्यक्रम होऊ दे, मग ठरवते."

ठरवते म्हणे. पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की पोरीने सासरी परतायचं नाही, आईकडेच राहायचं, ही कोकणातल्या घरांची रीत. मुलुंड पूर्वेच्या या दोन खोल्यांतही ती तशीच चालत आलेली. त्यात ठरवायचं काय असतं? पण हा शब्द कुठून आला ते सुलक्षणाला पक्कं ठाऊक होतं. तिने अपूर्वाच्या चपला उचलल्या आणि टाचा भिंतीला लावून नीट ठेवल्या.

बरं, प्रश्न नुसत्या रीतीचा असता तर गोष्ट वेगळी. अपूर्वाचं बीपी वाढत होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हिला एकटीला ठेवू नका. निहारला कामासाठी सारखं हैदराबादला पळावं लागायचं. त्याची आई राधाताई पार्ल्याला, आणि तिच्या घरात अंथरुणाला खिळलेली सासू. म्हणजे अपूर्वा परत गेली तर पवईच्या त्या उंच इमारतीत दिवसच्या दिवस एकटी बसणार. हे सुलक्षणाला ठाऊक होतं, अपूर्वालाही ठाऊक होतं. आणि तरी बॅग खाली होती.

आता सुलक्षणा तावडे हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगीच नखरेल.

सुलक्षणाचा जन्म गिरणी कामगाराच्या घरातला. एका खोलीत आठ माणसं, आणि प्रत्येकाचं सामान प्रत्येकाच्या अंगावर. लग्नाआधीच ती अंधेरीच्या एमआयडीसीत कपड्यांच्या कारखान्यात लागली आणि थेट निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. परदेशी जाणारे शर्ट. ती फायनल चेकर. म्हणजे ट्यूबलाइटखाली टेबल, टेबलावर शर्ट. कॉलर बघ, खिसा बघ, काजं बघ, बटणं ओढून बघ. कुठे शिवण वाकडी दिसली की तिथे नखाएवढं लाल बाणाचं स्टिकर लावायचं, बाणाचं टोक दोषाकडे. मग तो शर्ट दुरुस्तीच्या टेबलावर जायचा, तिथे त्याला ऑल्टर म्हणत. दुरुस्त होण्यासारखा नसला तर रिजेक्ट.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून वाकड्या खिशांचा एक लॉट निसटला. माल परत आला. सुपरवायझरने तिला सगळ्या बायकांसमोर मशिनच्या मधल्या वाटेत उभं केलं आणि ते शर्ट एकेक करून तिच्या खांद्यावर टाकले. ती रडली नाही. पण त्यानंतर तिच्या टेबलावरून दोष असलेला एकही शर्ट बाहेर गेला नाही. सणाला रजा नाही, आजारपणाची रजा नाही. शेजारणीने तपासलेले शर्टही ती पुन्हा तपासायची. त्यापायी तिचं स्वतःचं काम मागे पडायचं, मग जेवणाच्या सुट्टीत ती ते पुरं करायची. इतकी कामसू बाई, पण तिला सुपरवायझर कधी केलं नाही. कारण सुपरवायझरला दुसऱ्याकडून काम करून घ्यावं लागतं. सुलक्षणा नवीन मुलीला दोन मिनिटं बघायची आणि तिच्या हातातून शर्ट काढून घ्यायची. "राहू दे, मी करते."

हेच वाक्य घरी. नवरा काशीराम, स्वभावाने गरीब माणूस, रंगाच्या कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला. त्याने चहा टाकला की राहू दे. चादर घातली की राहू दे. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय माया आहे बाई, नवऱ्याला हात हलवू देत नाही. नातेवाईक तर उदाहरण द्यायचे. काशीराम हळूहळू घरात पाहुण्यासारखा वागायला लागला. पाणी प्यायचं तरी ग्लास कुठला घेऊ म्हणून विचारायचा.

आणि बाण घरीही आले. कामवाली बाई कोपरा सोडून केर काढायची, तिथे बाण. तिच्याशी तोंड वाजवायला नको, तिने बघावं आणि समजावं. बाया टिकल्या नाहीत. अपूर्वाच्या वहीत अक्षर ओळीवर बसलं नाही, बाण. वेणीचा भांग वाकडा, तर आरशावर बाण. यात दुष्टपणा नव्हता हो. तिला खरंच वाटायचं की चूक दाखवणं म्हणजेच प्रेम, बाकी सगळे आळशी लोक गोड बोलून वेळ मारून नेतात. सहावीत अपूर्वाने शाळेच्या प्रदर्शनासाठी कोळीवाडा बनवला, खोक्यांची घरं, काड्यांच्या होड्या. सुलक्षणाने रविवारी तो सगळा उचकटला आणि पुन्हा केला. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. अपूर्वाने ते बक्षीस वर्गातच बाकाखाली ठेवलं आणि घरी येऊन सांगितलं, हरवलं.

सगळे मिळून एकदाच सहलीला गेले होते, गोराईला. सुलक्षणाने चटई वाऱ्याच्या दिशेने बरोबर लागेपर्यंत कोणाला बसू दिलं नाही आणि ओल्या कपड्यांनी बोटीत कसं बसणार म्हणून कोणाला पाण्यात जाऊ दिलं नाही. समुद्र बघून सगळे परत आले. घरी आल्यावर तिने विचारलं, मजा आली ना? सगळे हो म्हणाले. तेव्हापासून कोणी सहलीचं नाव काढलं नाही.

मागच्या महिन्यात अपूर्वा एकटीच मुलुंडला आली आणि सोफ्याच्या काठावर बसून म्हणाली, "आई, मी ऑफिसमधल्या समुपदेशक बाईंकडे जाते. बरेच दिवस झाले." सुलक्षणाला वाटलं निहारशी काही बिनसलं. तर ही बया म्हणते, "तुझ्याबद्दल बोलते."

मग तिने सांगितलं. त्या बाई म्हणाल्या होत्या, ज्या व्यक्तीला मी बघितलेलं नाही तिला मी नाव चिकटवणार नाही. पण तुम्ही सांगता त्या स्वभावाला एक नाव आहे, ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर. सारखे हात धुणारे, कुलूप पुन्हा पुन्हा बघणारे लोक असतात ना, ते वेगळं. त्यांना निदान कळतं की आपल्याला त्रास होतोय. इथे माणसाला त्रास वाटतच नाही, आपलंच बरोबर वाटतं. सगळं एका ठरलेल्या पद्धतीनेच झालं पाहिजे, दुसऱ्याच्या हाती काही सोपवायचं नाही, काम संपत नाही कारण ते पुरेसं चांगलंच होत नाही. आतून मात्र भीती असते, एक गोष्ट निसटली की सगळं कोसळेल अशी. आणि शेजारी राहणारी माणसं दमून जातात.

"म्हणजे मी वेडी," सुलक्षणा म्हणाली.

"असं कोणी म्हटलं नाही गं."

"एवढ्या नीटनेटकेपणाला रोग म्हणायचं? मग गबाळे राहणारे सगळे ठणठणीत. मला नको शिकवूस. तुझ्यासाठी केलं तेवढं कोणाच्या आईने केलंय का, विचार तुझ्या त्या बाईंना."

अपूर्वा उठली. दारात म्हणाली, "माझ्याबरोबर एकदा चल तिथे, एवढंच म्हणत होते." सुलक्षणा गेली नाही. उलट तिने ईर्षेने बाळंतिणीची खोली सजवायला घेतली. दुपटी धुऊन, इस्त्री करून, घड्यांच्या कडा जुळवून रचली. खिडकीला नवे पडदे लावले, उतरवले, पुन्हा लावले. असं करू की पोरीला नाव ठेवायला जागा राहायला नको.

तर असं ते सगळं होतं, आणि बॅग खाली होती.

डोहाळजेवणाचा बेत सुलक्षणाने एकटीने ठरवला होता. अपूर्वाने फोनवर एकच गोष्ट मागितली होती, "मला बाबांच्या हातचे फाटके घावणे खायचेत, नारळाच्या रसाबरोबर." काशीरामला तांदळाचे घावणे तव्यावर नीट घालता येत नसत, उलटताना हमखास फाटायचे. अपूर्वा लहान असताना, सुलक्षणा ओव्हरटाइमला गेली की तो पोरीसाठी गुपचूप करायचा. अपूर्वाला लागलेले डोहाळे ते. पण विहीणबाई जेवायला येणार, आणि ताटात चिंध्या वाढायच्या? सुलक्षणा म्हणाली, "राहू दे, मी करते. गोल करते."

आणि तिथेच घोळ झाला.

सकाळी पीठ जरा पातळ झालं. पहिला घावणा कडेला चिरला. तिने तो बाजूला टाकला, दुसरा घातला, त्याला हवी तशी जाळी पडेना. तवा बदलला. पुन्हा पीठ सारखं केलं. बाहेर पाहुण्या बायका जमल्या, राधाताई आल्या, आणि हिचा घावणा काही मनासारखा होईना. अपूर्वाला साडी नेसवायची होती. ती हिरवी साडी सुलक्षणाच नेसवणार होती, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. पण घावणे टाकून जाणार कशी? शेवटी धाकटी जाऊ दीप्ती, बोरिवलीहून आलेली, हातपाय चालवणारी बाई, म्हणाली, "ताई, किती वेळ पोर उभी राहील. मी नेसवते." सुलक्षणाने तव्यावरून मान वर न करता म्हटलं, "निऱ्या भरपूर घे." एवढंच. का, ते सांगितलं नाही. तिने कोणाला कधी काही समजावून सांगितलेलंच नव्हतं, कारण करायचं सगळं तिलाच असायचं.

दीप्तीने बघितलं, पोट मोठं आहे, निऱ्या जास्त घेतल्या तर पोरीला कचेल. तिने चारच घेतल्या, पदर सैल सोडला आणि वरून फुलांचा कमरपट्टा बांधला. छान दिसत होती अपूर्वा. खुर्चीला फुलं लावलेली, त्यात ती बसली. बायकांनी ओवाळलं, गाणी झाली. सुलक्षणा हात पुसत येऊन दाराशी उभी राहिली. तिचं लक्ष अपूर्वाच्या चेहऱ्याकडे नव्हतं. पदराची कड सरळ पडलेली नव्हती, तिकडे होतं.

राधाताई ओटी भरायला वाकल्या. नारळ ओटीत घालताना कमरपट्ट्याची फुलं सरकली. राधाताई थबकल्या.

"अपूर्वा, हा कसला बाण गं?"

पोटाच्या बरोबर मधोमध, हिरव्या रेशमावर, नखाएवढा लाल बाण. टोक आत.

खोलीत क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मागच्या एका बाईला हसू आलं आणि तिने ते दाबलं. अपूर्वाने मान खाली घालून बघितलं. तिला मात्र कळायला वेळ लागला नाही. लहानपणापासून ओळखीचा होता तो. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ओटीतला नारळ राधाताईंच्या हातात परत दिला, उठली, आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लोटलं.

साडीत जरीची एक तार सुटलेली होती. आदल्या दिवशी सुलक्षणाला ती दिसली, तिने तिथे बाण लावला. नेसवताना तेवढा भाग निऱ्यांत दडवायचा आणि बाण काढून टाकायचा, असं मनात होतं. मनातच होतं. चार निऱ्यांत तो भाग दडला नाही, फिरून पुढे आला, पोटावर.

ती आत गेली. मागोमाग काशीरामही दारात येऊन उभा राहिला. अपूर्वा पलंगावर बसली होती, फुलं तशीच अंगावर.

"अगं, साडीत जर सुटलीय," सुलक्षणा घाईघाईने बोलायला लागली, "ती निऱ्यांत घालायची होती, मी दीप्तीला सांगितलं होतं भरपूर घे म्हणून, तिने ऐकलं नाही. एकदा सांगितलेलं कोणी धड..."

"गप राव, गो," काशीराम म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण असं तो आजवर बोलला नव्हता.

"मला कळलं गं," अपूर्वा म्हणाली. "दोष साडीतच असणार. तू माझ्या बाळाचं वाईट चिंतणार नाहीस. पण ते बघितल्या बघितल्या मला काय वाटलं सांगू? वाटलं, जन्मायच्या आधीच याला बाण लागला. आणि मला नवल नाही वाटलं, आई. त्याचीच भीती वाटली."

सुलक्षणाला बसावंसं वाटलं, पण पलंगाची चादर चुरगळली असती. ती उभीच राहिली.

"बाळ झालं की मी त्याला घेईन, तेव्हा मला काही येत नसेल," अपूर्वा म्हणाली. "मान नीट धरता येणार नाही. लंगोट वाकडा बसेल. तू मागे उभी असशील. म्हणशील, राहू दे, मी करते, आणि घेशील. तू छानच करशील. तुझ्याकडे ते शांत होईल, आणि मी बघत बसेन. मग मी कधी शिकू? मला इथे राहायचंय गं, खूप राहायचंय. तिकडे एकटीला मला झोप येत नाही. पण तुझ्या हाताखाली आई व्हायची मला भीती वाटते."

सुलक्षणाच्या तोंडावर उत्तर आलंच होतं. म्हणजे मी केलं ते सगळं चुकलं? एवढं खपले ते? ती बोलणार, तेवढ्यात दारातून काशीराम म्हणाला, "माझ्याकडनं पण घेतलं होतंस."

दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

"ही झाली तेव्हा मी एकदा उचलली होती. तू म्हणालीस, मानेखाली हात नीट नाही, राहू दे. घेतलीस. त्यानंतर ही चालायला लागेपर्यंत मी हिला उचलली नाही. आपल्याला जमत नाही असंच वाटलं मला." तो चौकटीचा रंग नखाने खरवडत बोलत होता. "आता उचलण्याएवढी राहिली नाही."

सुलक्षणाला ते आठवत नव्हतं. हेच तिला फार लागलं. त्या माणसाने जन्मभर जपून ठेवलेली गोष्ट, आणि तिला ती आठवतसुद्धा नव्हती. शर्ट आठवत होते. वाकडे खिसे आठवत होते.

अपूर्वाने पोटावरचा बाण काढायला घेतला. तिला नखं नव्हती, तो निघेना, अर्धा फाटून रेशमाला चिकटून राहिला. सुलक्षणाचा हात आपसूक पुढे गेला. "राहू..." एवढं तोंडातून निघालं आणि तिने हात मागे घेतला. दुसऱ्या हाताने धरूनच ठेवला. अर्धा लाल कपटा तसाच राहिला, तिला तो खुपत होता, अगदी डोळ्यात गेल्यासारखा.

"आई," अपूर्वा म्हणाली, "आज तू वाढायचं नाहीस. माझ्या शेजारी जेवायला बस. घावणे बाबा करतील, वाढतील काकू आणि बाबा. तू उठायचं नाहीस, काही नीट करायचं नाहीस. मी तुझी परीक्षा बघत नाही. असं होऊ शकतं का, तेवढं मला एकदा बघायचंय. झालं तर बॅग वर आणू. नाहीतर मी निहारबरोबर जाते, आणि रागावून जात नाही."

पंगत बसली. हॉलमध्ये पाट, ताटं, अपूर्वासाठी खुर्ची आणि स्टूल. तिच्या शेजारी सुलक्षणा. राधाताईंनी तिच्याकडे नवलाने बघितलं. यजमानीणबाई स्वतः बसलेल्या त्यांनी पहिल्यांदाच बघितल्या.

बसणं म्हणजे काय असतं हे सुलक्षणाला त्या दिवशी कळलं. आत तवा जास्त तापल्याचा वास येत होता. गॅस बारीक करा, हे वाक्य जिभेवर आलं, तिने गिळलं. दीप्तीने मसालेभात वाढताना शितं सांडली. काशीरामने डाव्या बाजूची चटणी ताटाच्या मध्यावर घातली, कोशिंबिरीचं पाणी उसळीत गेलं. प्रत्येक गोष्टीला तिच्या छातीत धडधड व्हायची. हसण्यासारखं आहे, मला ठाऊक आहे. कोशिंबिरीचं पाणी ते काय. पण त्या बाईचे तळहात घामाने भिजले होते, आणि भीती खरी होती. तिला वाटत होतं, आता सगळं निसटतंय, आता कोणीतरी येऊन शर्ट खांद्यावर टाकेल. तिने आजूबाजूला बघितलं. कोणी काही टाकत नव्हतं. राधाताई भात कालवून जेवत होत्या आणि दीप्तीला कसल्याशा लोणच्याची कृती विचारत होत्या.

मग काशीराम घावणे घेऊन आला. एकही धड नव्हता. कुठे लचका, कुठे भोक, कडा करपलेल्या. त्याने सुलक्षणाच्या ताटात एक घातला, अपूर्वाच्या ताटात दोन घातले, तिला नारळाच्या रसाची वाटी ठेवली, आणि तिच्या ताटात लिंबाची फोड राहिली होती ती उजवीकडे, भाजीच्या बाजूला ठेवून दिली.

लिंबू डावीकडे असतं. मिठाच्या खाली. हे कुठल्याही घरातलं शेंबडं पोर सांगेल.

अपूर्वाने घावण्याचा तुकडा रसात बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटले. "बाबा," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा मोडला. काशीराम रिकामं ताट छातीशी धरून उभा होता. सगळे त्या दोघांकडे बघत होते.

आणि सुलक्षणाने लिंबाची फोड उचलून डावीकडे ठेवली.

तिने ठरवून केलं नाही. हात गेला, फोड उचलली, मिठाच्या खाली, जिथे असते तिथे ठेवली. ती ठेवल्यावर तिला कळलं. मान वर केली तर अपूर्वा तिच्याकडे बघत होती. निहार बघत होता. काशीरामने ताट खाली घेतलं. दीप्ती भाताचं भांडं हातात धरून जागच्या जागी थांबली.

अपूर्वाच्या डोळ्यांत राग नव्हता. तिने नुसता श्वास सोडला, कोणीतरी खूप वेळ धरून ठेवलेलं ओझं खाली ठेवावं तसा. ती निहारकडे वळून काहीतरी सांगणार होती.

गेलं, सुलक्षणाच्या मनात आलं. एवढुशा लिंबापायी पोरगी गेली. तिला सांगावंसं वाटलं की मी मुद्दाम केलं नाही, मला खरंच थांबवता येत नाही, तुझ्या त्या बाई म्हणतात ते असेल तर असेल, मी येते तुझ्याबरोबर. यातलं काहीही तिच्या तोंडून फुटलं नाही. हात मात्र पुन्हा पुढे गेला.

तिने ती फोड उचलली आणि परत उजवीकडे ठेवली, भाजीच्या बाजूला. ठेवली, जरा बघितलं, काशीरामने ठेवली होती तशी साल बाहेरच्या अंगाला केली. आणि रडवेल्या आवाजात, अगदी मनापासून विचारलं, "इथेच होती ना?"

अपूर्वा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"थोडी अलीकडे," ती म्हणाली.

सुलक्षणाने फोड थोडी अलीकडे सरकवली. आयुष्यात कुठल्या कॉलरची शिवण तपासली नसेल एवढ्या काळजीने.

"निहार," अपूर्वा डोळे पुसत म्हणाली, "बॅग घेऊन ये वर."

निहार पानावरून तसाच उष्ट्या हाताने उठला, डाव्या हाताने किल्ली काढली आणि जिना उतरायला लागला. हात धुऊन जा, हे शब्द सुलक्षणाच्या ओठांपर्यंत आले होते. तिने समोरचा घावणा मोडला आणि तोंडात घातला. करपला होता. काशीराम तिच्या तोंडाकडे बघत उभा होता, लग्नानंतर पहिल्यांदा तिला काही वाढलेला माणूस.

"अजून एक द्या," ती म्हणाली.